वरीलप्रमाणे

बाळडॉक्टरांनी उभ्या आयुष्यात औषधाच्या चिठ्ठीपेक्षा लांब काही लिहिलं नव्हतं. लहान मुलांचे डॉक्टर म्हणून सगळे त्यांना बाळडॉक्टर म्हणायचे. पन्नाशी उलटली, टक्कल पडलं, तरी बाळडॉक्टर ते बाळडॉक्टरच. तीस खाटांचं इस्पितळ, सकाळी दहाला राउंड, मग दोनपर्यंत रडणारी पोरं आणि त्यांच्याहून जास्त रडकुंडीला आलेले त्यांचे बाप. अशा माणसाने एके दिवशी जेवता जेवता बायकोला सांगितलं, “मी लेख लिहिलाय. वैद्यकीय नियतकालिकात छापून येणार आहे.”

बायको शाळेत गणित शिकवायची. ती म्हणाली, “अक्षर लागलं का त्यांना?”

लेख होता भिंगरीवर. भिंगरी म्हणजे शिवणकाम करणाऱ्या ताईंची सहा वर्षांची मुलगी. एका जागी म्हणून बसायची नाही, त्यामुळे तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं. आदल्या वर्षी तापातून तिच्या मेंदूला सूज आली आणि ही भिंगरी जागच्या जागी थांबली. बोलणं बंद, चालणं बंद, डोळे उघडे पण ओळख नाही. नळीतून अन्न, दर दोन तासांनी कूस बदलायची, अंग पुसायचं, असे नऊ दिवस गेले. मोठ्या इस्पितळात हलवायचं तर वाटेतच काही झालं तर काय, ही भीती. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी धाडस केलं. दुसऱ्याच दुखण्यावरचं एक जालीम इंजेक्शन त्यांनी मागवलं, त्याने मूत्रपिंडं बिघडू शकतात हे ताईंना स्पष्ट सांगितलं, त्यांची परवानगी घेतली आणि दुपारी बाराला पहिला डोस दिला. तिसऱ्या दिवशी भिंगरी राउंडच्या वेळी चक्क बोलली. “मला घरी जायचंय,” म्हणाली. सगळा वॉर्ड गोळा झाला, सिस्टर तर रडल्याच. दोन आठवड्यांनी पोरगी आईचं बोट धरून चालत घरी गेली.

आता एवढं घडल्यावर कुणाच्याही अंगावर मूठभर मांस चढेल. डॉक्टरांच्याही चढलं, ते कशाला लपवा? पण नुसता मोठेपणाचा सोस नव्हता बरं का. त्यांनी नियतकालिक निवडलं तेही कुणालाही फुकट वाचता येणारं. वर्गणी नाही, कुलूप नाही. कुठल्याही आडबाजूच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने मोबाइलवर उघडावं आणि वाचावं. आपल्यासारखाच कुणीतरी अशाच एका खाटेशी हताश होऊन उभा असेल, त्याला हे इंजेक्शन कळावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

त्यांना वाटलं होतं लेख पाठवला की छापला. कसलं काय! तिकडून प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. पत्राखाली सही नुसती ‘संपादक’ अशी. एका रुग्णावरून इतकं ठाम कसं म्हणता? डॉक्टरांनी दोन ठिकाणी ‘कदाचित’ घातलं. फोटोत डोळे झाकलेत, पण हनुवटीवरचा तीळ दिसतो, मूल ओळखू येईल. फोटो काढून टाकला. औषध कंपनीकडून तुम्हाला काही मिळालंय का?

“कंपनीचा माणूस येतो आणि एक पेन देऊन जातो,” डॉक्टर चिडून बायकोला म्हणाले. “तेही धड चालत नाही!”

“मग तसंच लिहा,” बायको म्हणाली. त्यांनी खरोखरच तसं लिहिलं, आणि पुढच्या पत्रात संपादकांनी त्याबद्दल आभार मानले.

डॉक्टरांनी त्या संपादकाचं नाव शंकासुर ठेवलं. पत्रावरचा नंबरसुद्धा फोनमध्ये त्याच नावाने साठवला. पाचव्या पत्रात शंकासुराने विचारलं, मुलीच्या घरच्यांची लेखाला संमती आहे का? डॉक्टरांनी विजयी मुद्रेने कागद धाडला. घरी सोडायच्या दिवशी ताईंची सही घेतलेली होती. उलट टपाली उत्तर आलं: “त्या दिवशी आपण लेख लिहिलेला नव्हता. न लिहिलेल्या लेखाला त्यांनी संमती कशी दिली? कृपया त्यांना पूर्ण लेख त्यांच्या रोजच्या भाषेत वाचायला द्यावा आणि सोबतचा फॉर्म भरावा.” फॉर्ममध्ये सहीच्या वर एक मोठी चौकट होती. त्यावर छापलं होतं, ‘वाचल्यावर घरच्यांनी काय सांगितलं, ते त्यांच्याच शब्दांत.’

“डोकं फिरलंय याचं!” डॉक्टर म्हणाले. नेमक्या त्याच आठवड्यात त्यांना दुसऱ्याच एका नियतकालिकाची मेल आली होती. आदरणीय थोर संशोधक अशी सुरुवात, फी भरा, तीन दिवसांत छापू, कसलीही विचारपूस नाही. थोर संशोधकांनी ती मेल दोनदा वाचली आणि पुसली मात्र नाही.

पण माणूस हाडाचा सरळ होता. रविवारी बसून त्यांनी लेख साध्या भाषेत लिहायला घेतला आणि घाम फुटला. बायको शेजारी वह्या तपासत होती.

“चेतासंस्थेचा क्षोभ म्हणजे काय हो?” तिने डोकावून विचारलं.

“मेंदूला सूज.”

“मग तसं लिहायला काय होतं तुम्हाला?”

तीन पानांचं दीड पान झालं. डॉक्टरांना जरा वाईटच वाटलं. जड शब्द काढले तर शोध केवढासा उरला होता.

सोमवारी इस्पितळातून परतताना ते ताईंच्या दुकानात गेले. अरुंद दुकान, एक मशीन, कापडाच्या चिंध्या, भिंतीला अडकवलेले शाळेचे गणवेश. भिंगरी कापायच्या टेबलाखाली घर करून बसली होती आणि कुणाशी तरी जोरजोरात भांडत होती. ताईंनी डॉक्टरांना पाहिलं आणि मशीन थांबवून उभ्याच राहिल्या. स्टूल पुसलं, पंखा त्यांच्याकडे वळवला.

“तुमचा सदरा का उसवलाय? काढा, दोन टाके घालते.”

“अहो ताई, कामाने आलोय. एक सही हवीय.”

“कुठे करू?” त्यांनी पेन घेतलंसुद्धा.

“आधी वाचा.”

“तुम्ही लिहिलंय ना? मग मी काय वाचायचं त्यात? डॉक्टर, माझी पोरगी तुम्ही परत दिलीत. तुम्ही कोऱ्या कागदावर मागितलीत तरी सही करीन.”

डॉक्टर सुखावले. पण ती मेली चौकट भरायची होती. “नाही हो, वाचावंच लागेल. वरती एक शंकासुर बसलाय, तो मला सोडायचा नाही.”

ताई वाचायला लागल्या. ओळीखाली बोट ठेवून, हळू, ओठ हलवत. मधे एकदा डोळे पुसले. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. दुसऱ्या पानावर बोट थांबलं. थोडं मागे गेलं. परत पुढे आलं.

“हे असं नव्हतं,” ताई म्हणाल्या.

“काय असं नव्हतं?”

“इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवशी बोलली, असं लिहिलंय तुम्ही. ती आधी बोलली होती. इंजेक्शनच्याच दिवशी सकाळी. इंजेक्शन तर बाराला दिलंत.”

डॉक्टर हसले. “ताई, तेव्हा तुम्ही किती दिवस झोपला नव्हता. गडबड होते आठवणीत.”

ताईंनी मशीनच्या खणातून मापाची वही काढली. गिऱ्हाइकांची मापं लिहायची वही. इस्पितळातही हातातलं काम सुटत नव्हतं, खाटेशी बसून त्या काज-बटणं करायच्या, म्हणून वही जवळ असायची. त्यांनी पानं उलटली आणि पुढे धरली. छाती, कंबर, बाही, आणि त्यांच्या मधे वाकड्या अक्षरात: ‘रविवार. टेप हलवली तर बघते.’ त्याखाली कुणाच्या तरी विजारीचं माप. मग: ‘सोमवार सात वाजता. बटण पडलं म्हणाली.’

“माझ्या हातून बटण खाली पडलं,” ताई म्हणाल्या. “तिने बघितलं आणि म्हणाली, बटण पडलं. मला वाटलं माझ्या कानांनाच भास झाला. मग मी विचारलं, कुठे पडलं गं? तर म्हणाली, खाली. मग झोपून गेली.”

“आणि तुम्ही सांगितलं नाहीत कुणाला?”

“सांगितलं ना. सिस्टर आल्या होत्या, त्यांना सांगितलं. तुम्ही दहाला आलात तेव्हा ती गाढ झोपलेली. तुम्ही इंजेक्शनचं बोलत होतात. मला वाटलं, सिस्टरांनी सांगितलं असेल, तुम्हाला माहीत असूनही गरज असेल.” मग डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहून त्या एकदम वरमल्या. “जाऊ दे हो. मी कपडे शिवणारी बाई, मला काय कळतंय? तुम्ही म्हणता तसंच असेल.” आणि डॉक्टर काही बोलायच्या आत त्यांनी फॉर्मवर ठसठशीत सही करून टाकली.

सही खिशात घालून डॉक्टर बाहेर पडले ते घरी न जाता पुन्हा इस्पितळात गेले. जुने कागद ठेवायच्या खोलीतून त्यांनी भिंगरीची फाइल काढली. दहावा दिवस, सोमवार, सकाळी दहा. हुशारी, बोलणं, हालचाल, प्रत्येकापुढे एकच शब्द होता: ‘वरीलप्रमाणे’. वर रविवारची नोंद होती, तिथेही वरीलप्रमाणे. त्याच्या वर शनिवार, तिथेही तेच. खाली खाली उतरत आलेला तो शब्द, आणि अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. झोपलेल्या मुलीकडे एक नजर टाकून, तिच्या आईला एका शब्दाने न विचारता, त्यांनीच तो लिहिला होता.

त्यांनी सिस्टरना बोलावलं. सिस्टर वीस वर्षं त्याच वॉर्डात होत्या. त्यांनी आठवून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. “ताई काहीतरी म्हणाल्या होत्या खऱ्या. पाळी बदलत होती, मी बरं बरं म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. सगळेच नातेवाईक रोज सांगतात, हात हलवला, हसली. मला वाटलं...” डॉक्टर त्यांना रागावणार तरी कोणत्या तोंडाने?

घरी ते ताटावर नुसतेच बसून राहिले. बायकोने दोनदा विचारलं, मग तिने वह्या बाजूला सारल्या. त्यांनी सगळं सांगितलं. सही खिशात आहे, हेही सांगितलं.

“म्हणजे पोरगी आपोआप बरी होत होती?” बायकोने विचारलं.

“आपोआप नाही. अन्न, पाणी, कूस बदलणं, चोवीस तास आई. पण सुधारायला लागली होती, हे खरं. इंजेक्शनने पुढे काही मदत केली असेलही, पण ते आता कुणालाच सांगता येणार नाही.”

“मग तुम्ही उत्तर आधी लिहिलंत आणि गणित मागाहून सोडवलंत.”

डॉक्टरांना दिसत होता तो आडबाजूचा दवाखाना. कुणीही फुकट वाचू शकतं म्हणून ज्याच्यासाठी त्यांनी हे नियतकालिक निवडलं, तोच डॉक्टर उद्या हा लेख उघडणार आणि हळूहळू बऱ्या होत असलेल्या एखाद्या पोराला ते इंजेक्शन टोचणार. त्या पोराची मूत्रपिंडं गेली तर? ताईंनी तर सही दिली होती. शंकासुराला काही कळायचं कारण नव्हतं. आणि तो ओरडलाच, तर तीन दिवसांत छापणारे होतेच.

दोन दिवस त्यांनी काढले. काढले म्हणजे कसे, वॉर्डात प्रत्येक खाटेशी थांबून प्रत्येक आईला विचारत काढले, काल रात्रीपासून काय काय केलं पोराने? राउंड एकापर्यंत लांबला. सिस्टरांनी खुर्च्या आणून दिल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पेन घेतलं आणि त्या चौकटीत ताईंचे शब्द जसेच्या तसे लिहिले: ‘हे असं नव्हतं. ती आधी बोलली होती.’ खाली लिहिलं, ‘आई बरोबर आहे, नोंद माझी चुकली. लेख मागे घेतो.’ फॉर्म पाठवला, ती तीन दिवसांवाली मेल पुसली, आणि आपल्या एकुलत्या एका शोधाला निरोप दिला. वाईट वाटलं का? वाटलं की. चांगलंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. पडद्यावर नाव बघून डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं, “शंकासुर!”

“काय म्हणालात?” पलीकडे बाईंचा आवाज होता. वयस्कर, खणखणीत. वर्षभर ज्याला ते ‘महोदय’ लिहीत आले होते, तो शंकासुर बाई निघाला.

“काही नाही, काही नाही. मॅडम, मी तुमची माफी मागतो. इतके महिने तुमचा वेळ...”

“थांबा हो. मी तुमचे आभार मानायला फोन केलाय. ती चौकट मी फॉर्मवर घातली त्याला आठ वर्षं झाली. आठ वर्षं त्यात एकच उत्तर येतंय, ‘काही नाही’. घरचे लोक एवढे उपकारात दबलेले असतात की डॉक्टरांपुढे चकार शब्द काढत नाहीत, आणि आपण त्यालाच संमती म्हणतो. संपादक मंडळातले सगळे म्हणत होते, काढून टाका ती चौकट. पुढच्या महिन्यात काढणारच होतो. आणि तुमचा फॉर्म आला. लेख मागे घेऊ नका. खरा लिहा. मूल इंजेक्शनच्या आधीच सुधारत होतं, नीट शुश्रूषा केली तर थांबायला जागा असते, आणि आपली नोंद कशी चुकते. हे छापायला मला जास्त आवडेल.”

डॉक्टरांना एकदम भरूनच आलं. गेले वर्षभर ज्या बाईच्या नावाने ते बोटं मोडत होते, तिने त्यांना केवढ्या गोष्टीतून वाचवलं होतं! तसं त्यांनी बोलूनही दाखवलं, जरा अडखळतच.

“ते असू दे,” बाई म्हणाल्या. “पण आता परत शंका काढीन, तेव्हा काय म्हणायचं ते म्हणा.”

नवा लेख लिहिताना डॉक्टरांनी शेवटी आभार मानताना ताईंचं पूर्ण नाव घातलं. बाईंनी ते खोडलं. आईचं नाव आलं की मूल ओळखू येतं. डॉक्टर हट्टाला पेटले, शोध त्यांचा आहे, नाव कसं नाही? दोघांची चांगली जुंपली. अखेर छापलं ते असं: ‘हा लेख रुग्णाच्या आईने ठेवलेल्या नोंदींवर उभा आहे. लेखक त्यांचा ऋणी आहे.’ डॉक्टर ती ओळ दाखवायला ओशाळतच दुकानात गेले.

“माझं नाव नाही यात?” ताईंनी विचारलं.

“नाही हो. मी खूप भांडलो.”

“बरं झालं बाई! नाहीतर गिऱ्हाइकं मापं द्यायची सोडून दुखणी सांगत बसली असती.” पण ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली, बोट ठेवून, आणि मग बराच वेळ मशीन चालू केलं नाही. “ऋणी तुम्ही कसले? ऋणी मी आहे,” त्या म्हणाल्या.

“दोघेही असू, ताई,” डॉक्टर म्हणाले. “मला चालेल.”

लेख छापून चार महिने झाले आणि एका दुपारी डॉक्टरांना मेल आली. लिहिणारी एक तरुण डॉक्टर होती, कुठल्याशा लांबच्या, आठ खाटांच्या दवाखान्यातली. तिच्याकडे पाच वर्षांचा मुलगा होता, तीच सूज, तसेच उघडे डोळे. ऐकीव माहितीवरून तिने तेच इंजेक्शन मागवलं होतं, कुपी टेबलावर आली होती. देण्याआधी शोधलं तर हा लेख सापडला, फुकट होता म्हणून पूर्ण वाचता आला. ती थांबली. मुलाची मूत्रपिंडं आधीच नाजूक होती, इंजेक्शनने ती गेलीच असती. आठव्या दिवशी मुलगा हसला. आता बसतो. ‘त्या आईंचं नाव मला माहीत नाही,’ तिने शेवटी लिहिलं होतं, ‘पण त्यांना माझे आभार पोचवाल का?’

डॉक्टर ओपीडी तशीच सोडून निघाले. बाहेर रांगेतल्या बापांना म्हणाले, “दहा मिनिटं, बाबांनो, निरोप पोचवायचाय.” दुकानात उभ्या उभ्या त्यांनी सगळी मेल वाचून दाखवली, मूत्रपिंडांची ओळ तर दोनदा वाचली. ताई हातात कात्री धरून ऐकत होत्या. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं तरी त्यांनी पुसलं नाही.

मग त्यांनी नाक ओढलं आणि विचारलं, “आठव्या दिवशी हसला, असं कोण म्हणतंय?”

“त्या डॉक्टर म्हणताहेत.”

“त्याच्या आईला विचारलंय का त्यांनी?”

डॉक्टरांनी तिथेच स्टुलावर बसून उत्तर टाइप केलं: आभार पोचवले. त्या विचारताहेत, मुलाच्या आईला विचारलंत का?

ताईंनी चहा टाकला. तो प्यायचा होता तेवढ्यात फोनवर उत्तर आलं. दोनच ओळी होत्या.

‘आत्ताच विचारलं. सहाव्या दिवशी, आईकडे बघून. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.’